शेवटच्या खुर्चीतला दलाल

तिसरी.
तिसरी.
तिसरी.
तिसरी.
तिसरी.

हे आम्ही. आम्ही पाच जण, नागपूरला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र, साल चौऱ्याहत्तर. आमच्यासमोर तारा रामटेके पुठ्ठ्याचं कार्ड धरून उभी असायची. कार्डावर डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. डावीकडच्या रेघेएवढी उजवीकडची कोणती, एवढाच प्रश्न. आंधळा सोडला तर कोणीही सांगेल, दुसरी. आणि आम्ही एकामागून एक ‘तिसरी’ म्हणायचो, कारण आमचं तसं ठरलेलं होतं. सहाव्या, शेवटच्या खुर्चीत जो बसलेला असायचा त्याला ते माहीत नसायचं. त्याला वाटायचं, आपल्यासारखेच हेही बाहेरून धरून आणलेले लोक.

मग त्याची पाळी यायची.

बँकेतला हेडक्लार्क. चष्मा काढला, पुसला, लावला. कार्डाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. ‘तिसरी.’

रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. ड्रॉइंग मास्तर! ‘तशी तिसरीच म्हणावी लागेल.’

पारशिवनीकडचा एक म्हातारा. ‘तुम्ही सगळे म्हणता तर तिसरी असन बा.’

(विश्वनाथ म्हणतो, ड्रॉइंग मास्तर वाकला नव्हता. विश्वनाथ म्हणजे आमच्यातला पाचव्या खुर्चीतला. आम्ही चौघं म्हणतो, वाकला होता.)



जागा: रामदासपेठेत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. खाली चहाची टपरी, समोर मोठं इस्पितळ.

माणसं: इस्पितळाच्या आवारात झाडाखाली बसलेले पेशंटचे नातेवाईक. आत सोडत नाहीत, घरी जाववत नाही, दिवस सरत नाही. ‘थोडा वेळ वर येता का, चहा देऊ’ म्हटलं की उठायचे. खेड्यातली, शहरातली, सगळी माणसं तिथं आयती मिळायची. ही युक्ती कृष्णकांत सरांची. माणूस गर्दीपुढे का वाकतो यावर सरांचं संशोधन चाललं होतं आणि खेड्यातला माणूस शहरातल्यापेक्षा जास्त वाकतो, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. तारा त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कार्डं तीच दाखवायची.

नियम: सरांचा एकच. प्रयोग संपला की त्या माणसाला सगळं खरं सांगायचं. हे सगळे आमचे लोक होते, तुमचे डोळे ठीक आहेत, चूक आमची. सांगितल्याशिवाय कोणालाही जिना उतरू द्यायचं नाही. ‘चहा आणि खरं, दोन्ही द्यायचं,’ सर म्हणायचे.

खरं कळल्यावर लोक हसायचे. हेडक्लार्कनं आम्हाला ‘बदमाशहो’ म्हटलं आणि दुसरा चहा मागून घेतला.

माणूस वाकला की आम्हाला हसू दाबावं लागायचं. तारा हसायची नाही. तिच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं, आजारी माणसाला ताप उतरल्यावर येतं तसं. ते कशाचं, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवसापर्यंत.



त्या दिवशी सर पुण्याला गेले होते. तारा माणूस शोधायला आवारात गेली आणि एकटीच परत आली. जिन्यातच आम्हाला गाठलं.

‘खाली टपरीवर एक जण चहा पितो आहे. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. त्याची बायको समोर ॲडमिट आहे. तो वर येईल. आज मला हा वाकलेला पाहिजे.’

‘वाकतातच की बरेचसे,’ आम्ही म्हणालो.

‘हा वाकलाच पाहिजे.’

मग तिनं सांगितलं. जिन्यात, उभ्या उभ्या, एक डोळा खालच्या टपरीवर ठेवून.

‘माझा बाप नत्थू. कुहीकडचं आमचं गाव. छप्पन्न साली बाप नागपूरला आला, सगळ्यांसोबत धम्म घेतला आणि गावात जाऊन सांगितलं, आता आम्ही मेलेली ढोरं ओढणार नाही. पुढच्याच वर्षी त्यानं बैलजोडी घेतली. बैलबाजारातून. हा जो खाली चहा पितो आहे तो शालिकराम, बैलांचा दलाल, आमच्याच गावचा. यानंच दुपट्ट्याखाली हात धरून सौदा केला. विकणारा बालाघाटकडचा, पैसे घेऊन निघून गेला. जोडी आमच्या दारात बांधली. गावानं पाहिली. मी चारा घातला तिला.’

‘मग?’

‘मग गावचा जमीनदार, चंपतराव मालगुजार म्हणाला, ही जोडी माझी आहे, माझ्या गोठ्यातून सुटून गेलेली. बैठक बसली. बैल मध्ये उभे. एकेकाला विचारलं. बैल कोणाचे? मालगुजाराचे. बैल कोणाचे? मालगुजाराचे. शेजारी म्हणाला, सुतार म्हणाला, ज्याच्या विहिरीवर बापानं त्यांना पाणी पाजलं तोही म्हणाला. मग शालिकरामला विचारलं. ज्याच्या हातातून सौदा झाला त्याला. म्हणाला, मालगुजाराचे. सगळ्यात शेवटी माझ्या बापाला विचारलं.’

तिनं टपरीकडे पाहिलं.

‘बाप म्हणाला, त्याइचेच असतीन.’

ती एक पायरी वर चढली.

‘बैलांचं दावं बापाच्या हातात होतं. तो म्हणाला, असतीन. इतकी वर्षं मला वाटायचं, माझा बाप नेभळट आहे. मग इथं आले आणि हेडक्लार्क पाहिला.’

एवढं म्हणून ती थोडं हसली.

‘आई शालिकरामच्या दारात गेली होती. तो म्हणाला, बाई, गाव बोललं, गावापुढं मी एकटा काय करू. आम्ही गाव सोडलं. बाप मिलमध्ये लागला. अजूनही कोणी मोठ्यानं काही विचारलं की तो आधी आजूबाजूला बघतो. तर आज याला शेवटच्या खुर्चीत बसवा. वाकू द्या. मग मी त्याला सांगणार मी कोण. तुमच्या सगळ्यांसमोर.’



‘परीक्षा हाय काय वं बाई? मी तं शाळेत गेलो नाही.’

‘परीक्षा नाही. फक्त डोळ्यांचं काम आहे.’

‘मंग करून टाकू. डोळ्याचंच खाऊन राहिलो मी जलमभर.’

शालिकराम ऐसपैस बसला. उंच माणूस, आवाज मोकळा. ताराला तो ओळखत नव्हता. गाव सोडलं तेव्हा ती चारा घालणारी पोर होती. पहिल्या दोन कार्डांना आम्ही खरं उत्तर दिलं. तसंच ठरलेलं असायचं, म्हणजे माणूस निवांत होतो. तिसऱ्या कार्डापासून सुरुवात.

तिसरी.
तिसरी.
तिसरी.
तिसरी.
तिसरी.

शालिकराम खदखदा हसला. ‘काहून गा पोट्टेहो, जेवले नाही काय आज? दुसरी हाय ना ते.’

पुढचं कार्ड. आम्ही पाचही जण: पहिली.

‘दुसरी. अवं बाई, दवाखाना समोरच हाय. ह्याइले घेऊन जा ना.’

पुढचं. आम्ही: दुसरी.

‘तिसरी.’ या वेळी हसला नाही.

पुढचं. तो खुर्चीतून उठला, कार्डाजवळ आला, बोटानं हवेतच रेघ मोजली, मागे वळून आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही भिंतीसारखे. ‘पहिली,’ तो म्हणाला. परत जाऊन बसला.

पुढचं. पुढचं. पुढचं. त्याचा आवाज बारीक होत गेला. कपाळावरचा घाम त्यानं दुपट्ट्यानं पुसला. पण उत्तर दरवेळी तेच, जे खरं होतं ते. विश्वनाथ त्याच्या शेजारीच बसला होता. तो सांगतो, शालिकरामनं उजवा हात दुपट्ट्याखाली नेला होता आणि आपल्याच डाव्या हाताची बोटं घट्ट धरली होती. (हे मात्र आम्ही मान्य करतो.)

बैलबाजारात असंच करतात. भोवती माणसं ओरडत असतात, हा म्हणतो इतके, तो म्हणतो तितके, बैल म्हातारा आहे, बैल लंगडा आहे. दलालाच्या बोटांत मात्र आकडा असतो. कापडाखाली. तो बदलत नाही.

कार्डं संपली. तो एकदाही वाकला नव्हता.

तारानं कार्डांचा गठ्ठा टेबलावर उपडा ठेवला. आम्हाला वाटलं, ती निराश झाली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तसं नव्हतं. तिथं दुसरंच काही होतं. नंतर तिनं सांगितलं तेव्हा आम्हाला ते कळलं.

‘म्हणजे त्याला येतं,’ ती म्हणाली. ‘गर्दीपुढे एकटं उभं राहता येतं त्याला. मग गाव बोललं म्हणून बोललो, हे खोटं आहे. माझा बाप वाकला. हा वाकला नव्हता. यानं ते मनानं केलं.’



पण हे नंतर. आधी हे झालं.

शालिकराम दारापर्यंत गेला आणि परत आला. आम्हाला टाळून, ताराजवळ, हळू आवाजात:

‘बाई, खरं सांग. माहे डोळे गेले काय वं?’

आता सांगायची वेळ होती. चहा आणि खरं. आम्ही ताराकडे पाहत होतो. एरवी या वेळी आम्ही हसायला लागायचो.

तारा म्हणाली, ‘पाच जणांना एक दिसलं, तुम्हाला एक. पाचही जण कसे चुकतील?’

‘हो ना,’ शालिकराम म्हणाला. ‘पाचही जण कसे चुकतीन.’

‘वय होतं माणसाचं. चहा घ्या.’

त्या दिवशी फक्त चहा दिला.

तो जिना उतरला. भिंतीला हात लावून उतरला. चढताना त्यानं हात लावला नव्हता.



टपरीवर, त्यानंतर.

पहिला: बरं केलं.
दुसरी: बरं केलं. (दुसऱ्या खुर्चीत आमची गोपिका होती.)
तिसरा: चांगली जिरवली.
चौथा: बैल बघून खातो ना, आता खा म्हणावं.
विश्वनाथ: बरं केलं.

(विश्वनाथ म्हणतो, त्याला तसं म्हणायचं नव्हतं. मग म्हणाला कशाला, असं आम्ही विचारतो. त्यावर तो विषय बदलतो.)



सर परत आले. सरांना कोणी काही सांगितलं नाही.

शालिकरामच्या बायकोचं ऑपरेशन लांबलं होतं. तो आवारात असायचा. तारा काम नसलं की खिडकीशी उभी राहायची. आम्हीही जायचो. तिथून तो दिसायचा: एक डोळा हातानं झाकून इस्पितळाची पाटी बघताना. मग दुसरा डोळा झाकून. मग शेजारच्याला काही विचारताना. त्याला अक्षर येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय हा प्रश्न नव्हता. ती दिसते तशीच आहे का, हे तो विचारत असावा.

‘बघा,’ तारा म्हणायची. ‘आता बघतो आहे आजूबाजूला.’

आम्ही तिच्या बाजूनं होतो. आजही आहोत. कोणाला यात वाईट वाटत असेल तर त्यानं आधी त्या बैठकीत दावं हातात धरून उभं राहून दाखवावं.



एका सकाळी तो स्वतःच जिना चढून आला. नाकावर चष्मा. काळी जाड काडी, नवीकोरी.

‘सीताबर्डीवरून घेतला,’ तो ताराला म्हणाला. ‘डॉक्टर म्हणे, काही खास नाही गा शालिकराम. मी म्हणलं, नाही, तू दे. मधे बाजारात जाऊन आलो. एक बैल उभा होता अन् मले त्याची उंची सांगता येईना. म्हणजे येत होती. पण म्हणलं, आपल्याले दिसते तशी असन काय? चौघांले विचारलं. लोकं हासले वं. म्हणे, शालिकराम, तू विचारून राहिला?’

‘मग आता?’

‘त्या रेघा दाखव पुन्हा. चष्म्यातून पाहून घेतो.’

‘उद्या या,’ तारा म्हणाली. ‘सकाळी. सर नसतात तेव्हा.’

तो गेल्यावर तिनं आम्हाला बसवलं आणि काय करायचं ते सांगितलं. शेवटचा भाग तिनं दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाली, ‘उद्या मी माझ्या बापाला आणते.’



नत्थू रामटेके. हडकुळा माणूस, मिलचा खाकी सदरा, टोपी काढून हातात धरलेली. लेकीनं त्याला रेघांचा सगळा प्रकार सांगून आणलं होतं. विश्वनाथनंतरच्या खुर्चीत तिनं त्याला बसवलं. तो खाली बघत बसला. मग शालिकराम आला आणि त्याच्या पलीकडे, शेवटच्या खुर्चीत बसला. त्यानं नत्थूला ओळखलं की नाही, तेव्हा कळलं नाही. तो फक्त कार्डाकडे बघत होता.

पहिलं कार्ड. आम्ही खोटं बोललो. नत्थूला तारानं गाळलं. तो बघायला बसला होता. शालिकरामनं चष्मा नीट केला. आमचं होईपर्यंत थांबला. मग म्हणाला:

‘तिसरी.’

दुसरं कार्ड.

‘पहिली. हो, पहिलीच.’

तिसरं. आता तो कार्डाकडे बघतही नव्हता, आमच्या तोंडांकडे बघत होता. कोण काय म्हणतो. पाचवा म्हणेपर्यंत त्याचे ओठ तयार असायचे.

‘दुसरी.’

वाकला. पुरता. तारानं मान वर करून बापाकडे पाहिलं, पाहिलंत ना, अशी. बापाची नजर जमिनीवर.

मग तारानं कोरं कार्ड उचललं. त्यावर एकही रेघ नव्हती.

‘आता वेगळा प्रश्न,’ ती म्हणाली. ‘सत्तावन्न साली कुहीकडच्या बैलबाजारातून एक जोडी गावात आली. चंपतराव मालगुजारानं ती स्वतःची म्हणून नेली. ती जोडी कोणाची होती?’

नत्थू रामटेकेची.
नत्थू रामटेकेची.
नत्थू रामटेकेची.
नत्थू रामटेकेची.
नत्थू रामटेकेची.

शालिकरामचं तोंड उघडं राहिलं. पण त्याच्या आधी नत्थूची पाळी होती. तारा म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सांगा. जोडी कोणाची?’ हा तिचा खरा बेत होता. पाच तोंडं बापाच्या बाजूनं बोललेली आणि मग बाप, मोठ्यानं: माझी.

नत्थूनं मान वर केली. आजूबाजूला पाहिलं.

‘काय गा पोट्टेहो,’ तो आम्हाला म्हणाला. ‘तुम्ही पाहिली होती काय जोडी?’

आम्ही ताराकडे पाहिलं.

‘तू पाहिली?’ पहिल्याला. ‘तुहा जलम तरी झालता काय तवा?’

‘झाला होता काका, पण...’

‘लंगोटात असशीन. मंग काहून म्हणून राहिला नत्थूची? ही म्हणते म्हणून?’

‘बाबा,’ तारा म्हणाली, ‘हे आपल्या बाजूनं...’

‘थांब वं. तिथंई असंच होतं. मालगुजार म्हणे म्हणून गाव म्हणे. आता तू म्हणते म्हणून हे म्हणते. माही जोडी मी ह्याइच्या तोंडून घेऊ काय?’ त्यानं खुर्ची ओढली आणि शालिकरामकडे तोंड करून बसला. ‘तू पाहिली होती. तू सांग. ह्याइचं ऐकू नको. रंग सांग.’

टपरीवर कपबश्या धुतल्याचा आवाज येत होता.

शालिकरामनं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

‘एक ढवळा,’ तो म्हणाला. ‘एक कोसा.’

‘शिंगं?’

‘ढवळ्याचं डावं शिंग टोकाले मोडकं. कोशाच्या खांद्यावर भोवरा. दोघंई चारदाती, जवान. कोसा उजव्या अंगाले जुंपला का अडे.’

‘डाव्या.’

‘उजव्या, नत्थू. तू डाव्या अंगाले जुंपे म्हणून तुह्यापाशी अडला नाही.’

नत्थूनं विचार केला. ‘हो,’ म्हणाला. ‘कोणाची होती?’

‘तुही.’

‘मंग तवा?’

आम्हाला वाटलं, आता तो म्हणेल, गाव बोललं. तारालाही तेच वाटलं असणार. ती एक पाऊल पुढे आली होती.

‘माही गाय मेलती त्या वक्ताले,’ शालिकराम म्हणाला. ‘तुह्याकडं माणूस धाडला. तू आला नाही. तुहे कोणीच आले नाही. अंगणात सडली ते. शेवटी मी अन् माह्या भावानं ओढली. सगळ्या गावानं पाहिलं. बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या, शालिकराम ढोर ओढून राहिला म्हणून. मंग मी मालगुजाराकडं गेलो. त्याच्या डोक्यात काही नव्हतं. मीच म्हणलं, मालक, म्हणा जोडी तुमची हाय. घराघरात मीच सांगत गेलो, बैठकीत काय म्हणायचं ते.’

‘अन् मले शेवटी बसवलं ते?’

‘तेही मीच. म्हणलं, सगळ्याइचं ऐकू दे आधी त्याले.’

तारानं कोरं कार्ड टेबलावर ठेवलं.

नत्थू उठला. टोपी डोक्यावर घातली.

‘बस,’ तो म्हणाला. ‘एवढंच पाहिजे होतं. माफी मागू नको, मी देणार नाही.’

‘मी कुठं मागून राहिलो,’ शालिकराम म्हणाला. त्यात माज नव्हता. सौदा सांगावा तसं सांगितलं.

दारापाशी नत्थू थांबला. ‘तारा, आता ह्याले रेघांचं सांगून टाक.’

तारा कार्डं गोळा करत राहिली.

‘सांग वं. माणूस खरं बोलला.’

‘तुमचं झालं असेल, बाबा,’ तारा म्हणाली. ‘माझं कुठं झालं?’

‘मले माही जोडी भेटली.’

‘मला नाही भेटली. मी चारा घातला तिला. मी गाव सोडताना मागे बघत आले. आई मिलच्या चाळीत मेली. यानं गाईचा सूड माझ्यावर उगवला, मी तर त्याच्या गाईला ओळखतही नव्हते.’

नत्थूनं टोपी नीट केली. मग जिना उतरून गेला. त्याची पावलं ऐकू येत होती, नंतर टपरीच्या आवाजात मिसळली.

‘कोणत्या रेघांचं?’ शालिकराम उभा राहिला. एका हातात चष्मा. ‘बाई, काय सांगायचं हाय मले?’

तारा आमच्याकडे वळली. हे ठरलेलं नव्हतं. काय बोलायचं ते तिनं सांगितलं नव्हतं, दोनदा काय एकदाही म्हणवून घेतलं नव्हतं.

‘यांची नजर कशी आहे?’ तिनं विचारलं.

पहिला म्हणाला, ‘कमी झाली आहे.’

गोपिका म्हणाली, ‘चष्मा लावत जा, काका.’

‘कमी झाली आहे.’

‘बाजारात जाताना कोणाला तरी सोबत न्या. विचारून करत जा.’

मग विश्वनाथ. शालिकराम त्याच्याकडे बघत होता, आणि विश्वनाथ त्याच्या नाकावर चष्म्यानं पडलेल्या नव्या वळाकडे.

(विश्वनाथ म्हणतो, तो काहीच बोलला नाही. म्हणतो, त्यानं मान हलवली, आणि ती नाही म्हणून हलवली. आम्ही चौघं म्हणतो, तो ‘हो’ म्हणाला, स्पष्ट ऐकू आलं. आता एवढ्या वर्षांनी तोही म्हणतो, म्हणालो असेन.)

शालिकरामनं चष्मा लावला. दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवल्या. ‘बरं,’ म्हणाला. ‘तुम्ही शिकलेले लोकं.’

आम्ही खिडकीशी गेलो. तो रस्त्यावर आला तेव्हा संत्र्यांच्या पेट्या लादलेली एक बैलगाडी समोरून येत होती. चांगली जोडी होती, आम्हालाही कळावं इतकी चांगली, उंच, तुकतुकीत. तो बाजूला झाला, गाडी जाऊ दिली. बैलांकडे त्यानं मान वळवली नाही. गाडी पुढे गेल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाला त्यानं काहीतरी विचारलं, गाडीकडे बोट करून. त्या माणसानं सांगितलं. शालिकरामनं मान डोलावली.

तारानं खिडकी लावून घेतली.

‘बसा,’ ती आम्हाला म्हणाली. ‘सरांना काय सांगायचं ते ठरवू.’